चार रात्रींचे रोम आणि तेवीस ठिकाणांची यादी

प्रश्न : लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने एक वाचक भगिनी, त्यांचे यजमान, सोळा वर्षांची मुलगी आणि बाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रोमला जाणार आहेत. मुक्काम चार रात्रींचा आहे. बुधवारी दुपारी पोचायचे आणि रविवारी संध्याकाळच्या विमानाने परतायचे. विमानाची तिकिटे, व्हिसा, हॉटेल ही सगळी कामे या भगिनींनीच उरकली असून तासातासाचा कार्यक्रमही त्यांनीच आखला आहे. बुधवारी ट्रेव्ही कारंजे, स्पॅनिश स्टेप्स आणि पँथिऑन. गुरुवारी कोलोसियम, फोरम हा प्राचीन रोमच्या अवशेषांचा परिसर, पॅलाटाइन टेकडी आणि कॅपिटोलाइन संग्रहालय. शुक्रवारी फ्लॉरेन्स आणि पिसा. शनिवारी नेपल्स आणि पॉम्पेई. रविवारी सकाळी व्हॅटिकन. वाटेतली लहानसहान स्थळे धरून एकूण तेवीस ठिकाणे. पूर्वी युरोपची सहल करून आलेल्या नणंदबाईंनी दिलेल्या माहितीवरून ही यादी तयार झाली आहे. यजमानांनी ती पाहून ‘ही सहल आहे की परीक्षेचे वेळापत्रक?’ असे विचारले आणि आपल्याला एखाद्या चौकात निवांत बसायचे आहे, असे सांगून टाकले. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि ‘मला हॉटेलवरच ठेवा, तुम्ही फिरून या’ असे त्या म्हणतात. मुलीला चित्रकलेची आवड आहे. भगिनी विचारतात : एवढा खर्च करून जातो आहोत आणि पुन्हा जाणे काही होणार नाही, तेव्हा काहीही न सोडता हे सगळे बसवायचे कसे? यजमानांना कसे पटवायचे? आणि रांगा टाळण्यासाठी महागडा गाइड घ्यावा का?

उत्तर : सर्वांत आधी एक तातडीची गोष्ट सांगते आणि मग मूळ प्रश्नाकडे वळते. तुम्ही व्हॅटिकन रविवारी सकाळी ठेवले आहे, आणि व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती दुपारपर्यंत विनामूल्य उघडी असतात, परंतु तुमचा रविवार महिन्याच्या मध्यावर येतो. म्हणजे या संग्रहालयांतूनच जिथे जाता येते त्या सिस्टिन चॅपेलचे चित्रांनी भरलेले छत यादीत असूनही तुम्हाला दिसले नसते, आणि हे त्या बंद दारापुढे उभे राहिल्यावर, परतीच्या विमानाला काही तास उरलेले असताना कळले असते. बाकी यादीचे काय करायचे ते पुढे पाहू. ही दुरुस्ती मात्र आजच करा.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. तुमचे पत्र वाचून तुमच्याइतकी काळजी घरात दुसरे कोणी घेतलेली दिसत नाही. परंतु यादी करताना ‘काय काय आहे’ हा एकच प्रश्न समोर राहिला, आणि ते कधी उघडे असते, तिथे पोचायला किती वेळ लागतो, पोचल्यावर अंगात किती त्राण उरलेले असते, हे प्रश्न मागे पडले. रोमसारख्या शहरात हे मागे पडलेले प्रश्नच दिवस ठरवतात.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, ज्यावर सगळी यादी उभी आहे : ‘पुन्हा जाणे काही होणार नाही.’ ते खरे असेल असे धरून चालू. तरी त्यातून निघणारा निष्कर्ष तुम्ही काढला आहे त्याच्या उलट निघतो, असे मला वाटते. एकदाच जायचे असेल तर त्या तीन पूर्ण दिवसांतले दोन रेल्वेत आणि स्थानकांत घालवणे परवडेल का, याचा हिशेब करून पाहा. रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडीने सुमारे दीड तास लागतो, तिथून पिसाला साधारण एक तास, आणि पिसाहून रोमला परतायला अडीच-तीन तास. म्हणजे पाच-साडेपाच तास गाडीत, आणि हॉटेलपासून स्थानकापर्यंतची धावपळ, फलाट शोधणे, चुकलेल्या गाडीची धास्ती हे सगळे वेगळे. शनिवारी नेपल्सपर्यंत सत्तरएक मिनिटे, तिथे गाडी बदलून पॉम्पेईपर्यंत आणखी पाऊण तास, आणि तेवढेच परत. पॉम्पेई हे दोन तासांत उरकण्याचे ठिकाण नव्हे. ते ज्वालामुखीच्या राखेखालून खणून काढलेले एक अख्खे प्राचीन शहर आहे, त्याच्या रस्त्यांवर मोठाले उंचसखल दगड आहेत आणि जूनच्या दुपारी तिथे सावली शोधावी लागते. त्यात आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की इटलीत वाहतूक कर्मचाऱ्यांचे संप वरचेवर होतात. ते बहुधा आधी जाहीर केलेले असतात आणि पुष्कळदा शुक्रवारीच येतात. तीन गाड्यांवर अवलंबून असलेला कार्यक्रम तुम्ही नेमका शुक्रवारी ठेवला आहे.

फ्लॉरेन्स आणि पॉम्पेई ही कमी प्रतीची ठिकाणे आहेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. फ्लॉरेन्सला स्वतःच्या चार रात्री हव्यात, इतके ते मोठे आहे. पिसाचा मनोरा मात्र, माझे स्पष्ट मत विचाराल तर, चौघांनी एका तापलेल्या हिरवळीवर हात टेकवल्याचे छायाचित्र काढण्यासाठी दिवस मोडावा इतका थोर नाही.

दुसरे गृहीतक पैशाचे. एवढा खर्च केला आहे तर तो वसूल झाला पाहिजे, असे तुम्ही लिहिता, आणि वसुलीचे माप म्हणून ठिकाणांची संख्या धरता. विमानाचे आणि हॉटेलचे पैसे तर भरून झाले. ठिकाणे तेवीस पाहिली काय आणि नऊ पाहिली काय, त्यात एका युरोचा फरक पडत नाही. फरक पडतो तो उलट दिशेने : फ्लॉरेन्स, पिसा, नेपल्स आणि पॉम्पेई यांनी तुमच्या खर्चात चार माणसांच्या रेल्वेभाड्याची आणि तिकिटांची भर घातली असती. त्यातले थोडे पैसे रोममधल्या टॅक्सीवर खर्च करा. सासूबाईंसाठी ती चैन ठरणार नाही.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. ती यादी नक्की कोणाची आहे? नणंदबाईंनी प्रेमाने माहिती दिली असणार, यात शंका नाही. परंतु बसमधून दारापाशी उतरवणारी, बरोबर व्यवस्थापक असलेली, पुष्कळ ठिकाणे बाहेरून दाखवून पुढे नेणारी सहल वेगळी असते आणि तिचे स्वतःचे फायदेही असतात. मी तिची चेष्टा करणार नाही. तिची यादी स्वतःच्या पायांनी आणि सार्वजनिक वाहनांनी फिरणाऱ्या चौघांना जशीच्या तशी लावता येत नाही, एवढेच. आणि पत्रात तुम्ही एके ठिकाणी लिहिले आहे की ‘पिसा नाही पाहिले असे परत येऊन सांगायचे कसे?’ या वाक्यात तुम्हाला स्वतःला पिसा पाहायचे आहे असे कुठेही नाही. मुलीला, यजमानांना, सासूबाईंना आणि स्वतःला एकेक प्रश्न विचारा : तिथे जाऊन एकच गोष्ट पाहता येणार असेल तर कोणती? ही चार उत्तरे तुमच्या सहलीचा कणा होतील. उरलेली एकोणीस ठिकाणे वाटेत भेटली तर उत्तम.

आता यजमानांबद्दल. तुम्ही त्यांना पटवण्याचा उपाय विचारला आहे, आणि त्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे हे वरच्या परिच्छेदांवरून तुमच्या लक्षात आलेच असेल. तथापि त्यांचीही एक समजूत तपासून घेतली पाहिजे. काहीही न ठरवता रोमला गेले की निवांतपणा आपोआप मिळतो, ही ती समजूत. कोलोसियमची तिकिटे ठरावीक वेळेची आणि नावानिशी असतात. व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आयत्या वेळी जाणाऱ्यांची रांग भिंतीच्या कडेने लांबवर गेलेली असते. बोर्गीझ गॅलरीत तर आगाऊ वेळ घेतल्याशिवाय प्रवेशाचा विचारच करू नये. ज्याने काही ठरवले नाही त्याचा दिवस चौकात निवांत बसण्यात जात नाही, तो रांगेत उभे राहण्यात जातो. शिवाय दुसऱ्याने आखलेल्या कार्यक्रमाला नावे ठेवणे सोपे असते. व्हिसाचे अर्ज भरताना त्यांना परीक्षेचे वेळापत्रक आठवले नसावे. तेव्हा वाद घालण्याऐवजी त्यांच्याकडे एक काम सोपवा : रविवारची सकाळ त्यांची. कुठे जायचे, कसे जायचे, सासूबाईंना किती चालावे लागेल, सामान हॉटेलवर कुठे ठेवायचे आणि विमानतळासाठी किती वाजता निघायचे, हे सगळे त्यांनी ठरवायचे आणि तुम्ही त्यात एक शब्दही बदलायचा नाही. हे दुसरे तुम्हाला अधिक जड जाईल, असा माझा अंदाज आहे.

सासूबाईंचे म्हणणे तुम्ही जसेच्या तसे स्वीकारले आहे, ते मात्र मला पटले नाही. ‘मला हॉटेलवरच ठेवा’ हे वाक्य आपल्याकडच्या घरांत बहुतेक वेळा इच्छा म्हणून उच्चारले जात नाही. आपली अडचण होऊ नये म्हणून आधीच माघार घेणारे ते वाक्य असते. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, छायाचित्रे दाखवा आणि ‘आई, यातले काय पाहायला आवडेल?’ असे विचारा. ‘झेपेल का?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर त्या आधीच ठरवून बसल्या आहेत. रोमचे रस्ते गुडघ्यांना सोपे नाहीत, हे खरे आहे. जुन्या भागात काळ्या दगडाच्या लहान चौकोनी तुकड्यांची फरसबंदी आहे आणि तिच्या फटींत पातळ तळव्याची चप्पल अडकते. त्यांना, आणि खरे तर सर्वांनाच, जाड तळव्याचे वापरून रुळलेले बूट हवेत. पण कोलोसियममध्ये वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे, व्हॅटिकनच्या संग्रहालयांत चाकाची खुर्ची मिळण्याची सोय आहे, आणि सिस्टिन चॅपेलच्या दोन्ही बाजूंना भिंतीलगत बाके आहेत. तिथे तरुण माणसेसुद्धा मान दुखते म्हणून बसूनच वर पाहतात. हॉटेलला लिफ्ट आहे ना, एवढे आजच विचारून घ्या. जुन्या इमारतींत ती नसणे किंवा पहिल्या मजल्यापासून पुढे असणे हे नवल नव्हे.

आता प्रत्यक्ष आखणी. माझा आग्रह ठिकाणे न मोजता अर्धे दिवस मोजण्याचा आहे. जूनमध्ये रोममध्ये दुपारी ऊन चांगलेच तापते आणि त्याच सुमारास पुष्कळ चर्चही साडेबाराच्या आसपास बंद होऊन तीन-चार वाजता पुन्हा उघडतात. उजेड मात्र रात्री साडेआठच्या पुढेपर्यंत असतो. म्हणून दिवसाचे दोन भाग पाडा : सकाळी एक तिकिटाचे ठिकाण, दुपारी हॉटेलवर विश्रांती, आणि पाचनंतर पायी भटकंती. हे चौघांच्याही प्रकृतीला मानवेल, आणि दुपारची झोप हा वेळेचा अपव्यय आहे असे मानणाऱ्यांनी एकदा भर दुपारी फोरममध्ये उभे राहून पाहावे.

बुधवारी काहीही ठेवू नका. फ्युमिचिनो विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे तीस किलोमीटर दूर आहे. तिथून टर्मिनी स्थानकापर्यंत न थांबणारी गाडी ३२ मिनिटांत पोचवते. पण चौघे जण, सामान आणि दुखरे गुडघे यांचा विचार करता पांढऱ्या रंगाची अधिकृत टॅक्सी बरी. जुन्या तटबंदीच्या आतल्या भागासाठी तिचे भाडे पालिकेने ठरवून दिलेले असते; बसण्याआधी ते विचारून घ्या आणि आगमन कक्षातच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. जूनमध्ये रोमचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे संध्याकाळी आठला तुमच्या शरीरात मध्यरात्र होत आलेली असेल. तेव्हा जेवून झोपा.

याच फरकाचा फायदा गुरुवारी पहाटे घ्या. चार-साडेचारला डोळे आपोआप उघडतील. अंधार सरला की ट्रेव्ही कारंज्याकडे जा. दिवसा जिथे पाण्यापर्यंत नजर पोचायला माणसांच्या खांद्यांमधून वाट काढावी लागते, तिथे सहाच्या सुमारास मोजकी माणसे असतात आणि पाण्याचा आवाज कारंजे दिसण्याआधी गल्लीत ऐकू येतो. निकोला साल्वी या वास्तुकाराने १७३२ मध्ये त्याचे काम सुरू केले, आणि ते १७६२ मध्ये पूर्ण झाले तेव्हा तो हयात नव्हता. लोकांनी टाकलेली नाणी गोळा करून धर्मादाय कामाला दिली जातात, त्यामुळे सासूबाईंना नाणे टाकायचे असेल तर हिशेबाचा विचार करू नका. स्पॅनिश स्टेप्स तिथून जवळच आहेत; मात्र त्या पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे आणि दंड होतो, हे दमलेल्या माणसाने लक्षात ठेवावे.

त्याच सकाळी नऊच्या सुमारास कोलोसियमची वेळ घ्या. साध्या तिकिटात फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही येते, आणि ते तिकीट चोवीस तास चालते. सन ८० मध्ये सम्राट टायटसच्या कारकिर्दीत कोलोसियमचे उद्घाटन झाले, हे सगळीकडे लिहिलेले असते. आत गेल्यावर मात्र खाली, रिंगणाच्या फरशीखाली जे अरुंद बोळ उघडे पडलेले दिसतात त्यांच्याकडे मुलीचे लक्ष वेधा. प्राणी आणि माणसे वर आणणारी उचलयंत्रे तिथून चालत, आणि प्रेक्षकांना ती दिसत नसत. फोरममध्ये सासूबाईंना नेऊ नका. तिथला प्राचीन रस्ता उंचसखल शिळांचा आहे आणि बसायला जागा थोड्या. तुमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर टॅक्सीने कॅपिटोलाइन टेकडीवर जावे. मायकेलअँजेलोने आखलेल्या चौकाच्या मागच्या बाजूला गेले की अख्खा फोरम खाली पसरलेला दिसतो, आणि खरे सांगायचे तर तिथून तो आत फिरताना कळतो त्यापेक्षा अधिक नीट कळतो.

शुक्रवार व्हॅटिकनचा. सेंट पीटर्स बॅसिलिका हे तिथले भव्य चर्च सकाळी सातला उघडते आणि तिथे प्रवेश विनामूल्य आहे. रांग असते ती सुरक्षा तपासणीची, आणि सातला ती फारच लहान असते. आत शिरताच उजव्या हाताच्या पहिल्या दालनात काचेआड मायकेलअँजेलोचे ‘पिएता’ हे शिल्प आहे. १९७२ मध्ये एका माणसाने त्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ही काच आली. खांदे आणि गुडघे झाकलेले असणे इथे सक्तीचे आहे. सासूबाईंच्या साडीचा प्रश्न नाही, पण मुलीच्या पिशवीत एक ओढणी असू द्या. संग्रहालयांचे दार वेगळे आहे, आणि ते बॅसिलिकेपासून तटाला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर येते. दोन्हींचे दार एकच समजून ऐन वेळी धावणारी माणसे तिथे रोज दिसतात. साडेनऊची वेळ घेतली तर मधे नाश्ता होतो. कॉफी उभ्याने, काउंटरपाशी घेतली की स्वस्त पडते. टेबलाशी बसले की तीच महाग होते, आणि सासूबाईंसाठी तेवढे महाग होऊ द्यावे. सिस्टिन चॅपेलमध्ये छायाचित्रे काढता येत नाहीत आणि बोलायचे नसते. छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवले, समोरच्या भिंतीवरचा ‘अंतिम निवाडा’ त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, १५३६ ते १५४१ मध्ये त्याच माणसाने रंगवला. मुलीला एवढेच सांगून ठेवा आणि दोन्हींतला फरक तिचा तिला शोधू द्या.

शुक्रवारची संध्याकाळ ही तुम्हा सर्वांची एकत्र आवडती संध्याकाळ होईल, असा माझा कयास आहे. दुपारी चारनंतर पँथिऑनला जा. त्याला २०२३ पासून तिकीट आहे. सम्राट हेड्रियनच्या काळात, सन १२६ च्या आसपास उभ्या राहिलेल्या या वास्तूच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासूनची उंचीही तेवढीच. माथ्यावरचे वर्तुळ उघडे आहे. पाऊस सरळ आत येतो आणि फरशीला असलेल्या बारीक भोकांतून निघून जातो. ती भोके शोधायला मुलांना आवडते, मोठ्यांनाही. तिथून थोड्या अंतरावर सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचे चर्च आहे. प्रवेश विनामूल्य, आणि डाव्या बाजूच्या शेवटच्या कोनाड्यात चित्रकार काराव्हाज्जोची सेंट मॅथ्यूवरची तीन चित्रे. कोनाडा अंधारा असतो. पेटीत नाणे टाकले की काही मिनिटे दिवा लागतो, आणि तो विझला की पुढचे नाणे कोण टाकणार याची वाट पाहत सगळे जण सभ्यपणे अंधारात उभे राहतात. सुटी नाणी जवळ ठेवा. चित्र काढणाऱ्या मुलीला त्यांतल्या एका चित्रातल्या खोलीत उजवीकडून येणारा उजेड कुणाच्या चेहऱ्यावर पडतो आणि कुणाच्या नाही, हे तिथे अर्धा तास पाहू दिले, तर पिसाची भरपाई झाली असे ती स्वतः म्हणेल.

आणि मग यजमानांचा चौक. पियाझ्झा नव्होना तिथून जेमतेम पाच मिनिटांवर आहे. मधले मोठे कारंजे शिल्पकार बर्निनीचे, १६५१ चे. चार खंडांच्या चार नद्या तिथे पुरुषरूपात बसवल्या आहेत : नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. हातात लांब वल्हे धरलेली आकृती गंगेची, कारण तिच्यातून नौका चालतात हे त्या काळी रोममध्येही ठाऊक होते. सासूबाईंना ही ओळख करून द्यायला विसरू नका; त्या तिथून लवकर उठणार नाहीत, आणि यजमानांनाही तेच हवे आहे. चौकातल्या टेबलांवर बसण्याचे पैसे पडतात, पण दगडी बाके फुकट आहेत. तहान लागली तर रस्तोरस्ती असलेले लोखंडी नळ पाहा. शहरात असे सुमारे अडीच हजार नळ आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याचे, थंड असते. खाली वळलेल्या नळीचे तोंड बोटाने दाबले की तिच्या वाकणावरच्या छोट्या भोकातून धार वर उसळते आणि भांड्याशिवाय पाणी पिता येते.

शनिवारची सकाळ मुलीने निवडावी. तिला चित्रे-शिल्पे हवी असतील तर बोर्गीझ गॅलरी. तिथे दोनच तासांची पाळी असते, आणि ही मर्यादा मला तरी वरदान वाटते. बर्निनीच्या ‘अपोलो आणि डॅफ्नी’ या शिल्पात डॅफ्नीच्या बोटांची पाने होताना दिसतात, आणि संगमरवर इतका पातळ कोरला आहे की तो उजेडात किंचित पारदर्शक भासतो. आत सर्वांनी गेलेच पाहिजे असे नाही. बाहेर मोठी बाग आहे, मायलेकरांनी सावलीत बसावे आणि तुम्ही दोघींनी आत जावे. उलट कुणाचा जीव पॉम्पेईतच अडकला असेल तर ओस्तिया अँतिका पाहा. रोमचे हे प्राचीन बंदर पिरामिदे मेट्रो स्थानकाजवळून सुटणाऱ्या उपनगरी गाडीने अर्ध्या तासावर आहे आणि शहराच्या साध्या तिकिटात तिथे जाता येते. तिथेही उजाड घरे, स्नानगृहे, रस्त्याकाठची खाणावळ आहे. एका चौकाभोवती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे जमिनीवर काळ्यापांढऱ्या खड्यांत तिची खूण होती : कुठे जहाज, कुठे मासा, आणि उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांपुढे हत्ती. शनिवारची संध्याकाळ कोरी ठेवा.

रविवारबद्दल मी काही सुचवणार नाही, कारण तो यजमानांचा आहे. त्यांनी विचारलेच तर एवढे सांगा की कोलोसियमकडे जाणारा रुंद, सपाट रस्ता रविवारी वाहनांना बंद असतो.

तुमचा शेवटचा प्रश्न गाइडचा. फक्त रांग टाळण्यासाठी गाइड घेऊ नका; अधिकृत संकेतस्थळावर वेळ ठरवून काढलेले तिकीट तेच काम करते, आणि दाराशी ‘रांगेशिवाय प्रवेश’ विकणारे तुम्हाला पुष्कळदा तेच तिकीट दुप्पट-तिप्पट दराने देतात. एका ठिकाणी मात्र गाइडचे पैसे सार्थकी लागतात, ते म्हणजे फोरम. तिथे मंदिर, न्यायालय आणि बाजार यांचे उरलेले दगड अनोळखी माणसाला एकसारखेच दिसतात आणि सांगणारे कोणी नसले की अर्ध्या तासात कंटाळा येतो. त्यामुळे गुरुवारसाठी कोलोसियम आणि फोरम यांचा मिळून गाइड घेण्यास हरकत नाही, परंतु तो मोठ्या जथ्याचा नसावा.

आता कामांचा क्रम. व्हॅटिकनची तिकिटे आधी मिळू लागतात, म्हणून शुक्रवारची वेळ पहिली घ्या. त्यानंतर मुलीने निवड केली असेल तर बोर्गीझ. कोलोसियमची तिकिटे साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि सकाळच्या वेळा लवकर संपतात, तेव्हा त्या दिवशी संगणकापुढे बसण्याचे काम मुलीकडे द्या. तिचा हात तुमच्यापेक्षा जलद चालेल. नावे पासपोर्टवर आहेत अगदी तशीच लिहा, कारण दाराशी ओळखपत्राशी ताडून पाहतात. हॉटेलवर प्रत्येक माणशी प्रत्येक रात्रीचा पालिकेचा कर वेगळा भरावा लागतो, त्याची रक्कम बाजूला काढून ठेवा. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे; शुक्रवारी पहाटे तीऐवजी टॅक्सी करा. आणि हे सगळे आरक्षित करण्याआधी सासूबाईंशी ते बोलणे उरकून घ्या, म्हणजे तिकिटे तीन काढायची की चार, हा प्रश्न उरणार नाही.